कुजणारी फीत आणि ढळलेला सूर: 'डिकेशिया' या प्रयोगपटाचा प्रकरण अभ्यास

स्मृतीवरचा चित्रपट म्हटला की बहुतेकांच्या मनात कोणीतरी काहीतरी आठवत असल्याचे दृश्य येते: पात्र खिडकीबाहेर पाहते, चित्र धूसर होते आणि कथा मागे सरकते. बिल मॉरिसन या अमेरिकी दिग्दर्शकाचा २००२ सालचा 'डिकेशिया' हा ६७ मिनिटांचा कृष्णधवल प्रयोगपट या वाटेला जात नाही. त्यात पात्रे नाहीत, संवाद नाहीत, निवेदन नाही आणि कथानक म्हणता येईल असेही काही नाही. जुन्या नायट्रेट फितींवरील, रासायनिक विघटनाने अर्धवट खाल्ली गेलेली दृश्ये एकापुढे एक लावलेली आहेत आणि त्यांच्यासोबत संगीतकार मायकल गॉर्डन यांची एक अखंड सिंफनी वाजत राहते. तरीही हा चित्रपट पाहणाऱ्याला आपण कोणाची तरी आठवण विरताना पाहत आहोत असे वाटते. ती आठवण कोणाची, हे मात्र सांगता येत नाही. हा परिणाम कशातून साधतो, याचा शोध घेणे हा या टिपणाचा हेतू आहे.

सर्वसाधारण उत्तर असे दिले जाते की फीत कुजली आहे, कुजणे म्हणजे विसरणे, म्हणून चित्रपट स्मृतीविषयी आहे. हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. जगभरच्या चित्रपट-अभिलेखागारांत कुजलेल्या फितीचे ढीग होते आणि आहेत. त्यातील कोणतेही रीळ प्रक्षेपकावर चढवले तर स्मृतीचा अनुभव येईल असे मुळीच नाही, बहुतेक वेळा कंटाळा येईल. म्हणून माझे म्हणणे असे की 'डिकेशिया'त स्मृतीचा भास नासाडीमुळे निर्माण होत नाही. नासाडीतील नेमका कोणता क्षण उचलायचा, तो किती संथ करून दाखवायचा आणि त्याच्या बरोबरीने काय ऐकवायचे, या निर्णयांतून तो घडतो. त्यातही ध्वनीचा निर्णय सर्वांत धाडसी आहे आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

चित्रपटाचा उगम चित्रपटगृहात नाही, मैफलीत आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल सिंफोनिएटा या वाद्यवृंदासाठी गॉर्डन यांच्याकडे एका मोठ्या रचनेची मागणी झाली आणि ती रचना नोव्हेंबर २००१ मध्ये बाझेल येथे रंगमंचीय मांडणीसह सादर झाली. न्यूयॉर्कच्या रिज थिएटर या नाट्यसंस्थेने केलेल्या त्या मांडणीत प्रेक्षक मध्यभागी आणि वाद्यवृंद व पडदे त्यांच्या भोवती, अशी रचना होती, आणि पडद्यांवर मॉरिसन यांनी जमवलेली दृश्ये पडत होती. पुढच्याच वर्षी हीच सामग्री स्वतंत्र चित्रपट म्हणून समोर आली. हा क्रम ध्यानात ठेवला पाहिजे, कारण येथे संगीत हे चित्राच्या पाठीमागे उभे राहणारे 'पार्श्व'संगीत कधीच नव्हते. चित्र आणि ध्वनी यांचा दर्जा पहिल्यापासून समान होता.

फितीत काय घडते

१८९०च्या दशकापासून १९५०च्या आसपासपर्यंत व्यावसायिक ३५ मिलिमीटर फितीचा पाया सेल्युलोज नायट्रेटचा असे. हा पदार्थ पारदर्शक, चिवट आणि दिसायला अतिशय देखणा, पण रासायनिकदृष्ट्या अस्थिर. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे एकदा पेट घेतला की तो पाण्याखालीही जळत राहतो. आग लागली नाही तरी त्याचे विघटन थांबत नाही: त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात, फितीवरील, चित्र धरून ठेवणाऱ्या जिलेटिनाच्या थरातल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल बनते, ते आम्ल पायाचे विघटन आणखी वेगाने करते आणि बंद डब्यात कोंडलेला वायू या चक्राला बळ देतो. आधी चित्र फिके आणि पिवळसर होते, मग थर चिकट होतो, लगतचे वेढे एकमेकांना चिकटतात, फोड येतात, फेस धरतो आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी डेव्हिड पिअर्स यांनी केलेल्या आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १९१२ ते १९२९ या काळातील सुमारे ११,००० अमेरिकी मूक कथापटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. बाकीचे सगळे कुजून गेले असे मात्र नाही. पुष्कळसे आगीत गेले आणि पुष्कळसे मालकांनीच निरुपयोगी म्हणून टाकून दिले.

या रसायनाचा एक भौतिक परिणाम 'डिकेशिया' समजून घेण्यासाठी महत्त्वाचा आहे. फीत रिळावर गुंडाळलेली असते, त्यामुळे ओल किंवा आम्ल एका बाजूने आत शिरले की प्रत्येक वेढ्याला ते साधारण त्याच दिशेकडून लागते. रीळ उलगडून चालवले की तो डाग प्रत्येक वेढ्यागणिक परत येतो. हिशेब करून पाहता येतो: ३५ मिलिमीटर फितीवर एका चौकटीची, म्हणजे एका स्थिर चित्राची, उंची सुमारे १९ मिलिमीटर असते, २० सेंटिमीटर व्यासाच्या वेढ्याचा परीघ सुमारे ६३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ३३ चौकटी. मूकपटाच्या १६ चौकटी प्रतिसेकंद या वेगाने तो डाग दर दोन सेकंदांनी पडद्यावर येईल आणि जाईल. रीळ आतल्या वेढ्यांकडे सरकू लागले की परीघ कमी होतो आणि १० सेंटिमीटर व्यासापाशी तेच अंतर निम्म्यावर येते. याचा अर्थ नासाडीला स्वतःची लय असते आणि ती लय चढत जाणारी असते. पडद्यावर जे श्वासासारखे फुगणे-आकसणे दिसते त्याच्या मुळाशी कोणतीही गूढता नाही. तो गुंडाळीच्या भूमितीचा परिणाम आहे. मात्र प्रेक्षकाला ही भूमिती ठाऊक नसते. त्याला पडद्यामागे काहीतरी जिवंत आहे असे वाटते, आणि दिग्दर्शकाने ते वाटू दिले आहे.

काय निवडले, किती वेळ दाखवले

मॉरिसन यांनी अनेक संग्रहांतून सामग्री घेतली. साउथ कॅरोलायना विद्यापीठाकडील फॉक्स मूव्हीटोन वृत्तपटांचे भांडार हा त्यातील एक महत्त्वाचा स्रोत होता. अभिलेखागाराचे काम फीत वाचवण्याचे असते. कुजलेला भाग कापून बाजूला काढायचा आणि उरलेल्याची सुरक्षित प्रत करायची, ही तिथली नेहमीची रीत. मॉरिसन यांनी उलट टोकाकडून पाहिले आणि कापून टाकण्याच्या लायकीचा भागच निवडला. पण त्यातही सरसकट काहीही घेतले नाही. ज्या ठिकाणी चित्रातील माणसाची कृती आणि फितीवरील नासाडी यांचा एकमेकांशी संबंध लागल्यासारखा दिसतो, तीच ठिकाणे चित्रपटात आली आहेत.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुष्टियोद्ध्याचे आहे. मूळ दृश्य अगदी साधे असणार: एक मुष्टियोद्धा सरावाच्या टांगलेल्या चेंडूवर ठोसे मारतो आहे. पण चौकटीचा नेमका चेंडू असलेला भाग विघटनाने गिळला आहे आणि तिथे वरून खालपर्यंत उकळणारा, आकार बदलणारा एक स्तंभ उभा आहे. योद्धा तसाच आहे, त्याचे खांदे, त्याचे पदलालित्य, मागे झुकून पुन्हा पुढे येण्याची त्याची सवय, सगळे शाबूत आहे. फक्त तो ज्यावर ठोसे मारतो आहे ती वस्तू आता उरलेली नाही. त्यामुळे तो स्वतःला पुसून टाकू पाहणाऱ्या रसायनाशीच झुंजतो आहे असे दिसते. मधूनच तो स्तंभ सरकतो, चेंडूची कड क्षणभर दिसते आणि पुन्हा नाहीशी होते. हा क्षण फार मोलाचा आहे, कारण तो न दिसता तर हे दृश्य निव्वळ रूपक होऊन बसले असते. चेंडू दिसल्यामुळे प्रेक्षकाला कळते की इथे एक साधी, ठोस, कोणीतरी खरोखर चित्रित केलेली गोष्ट होती. स्मृतीचा अनुभव मला नेमका या ठिकाणी येतो. गेलेले डोळ्यांपुढे असतेच. त्याच्या जागी पूर्वी काय होते हे पुरते कळू न देता नुसते सूचित होते, तेव्हा मन ती जागा भरू लागते.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो: आठवणे म्हणजे साठवलेली वस्तू जशीच्या तशी बाहेर काढणे नव्हे, तर उरलेल्या खुणांवरून ती दर वेळी नव्याने रचणे होय. मुष्टियोद्धा पाहताना प्रेक्षक हेच काम करतो. मात्र ही तुलना इथवरच ताणावी. फीत कडेकडून, डागाडागाने, रसायनाच्या नियमाने नष्ट होते. मनातली आठवण तशी नष्ट होत नाही. 'फीत म्हणजे मेंदू' असे समीकरण मांडणारी परीक्षणे वाचायला रंजक असतात, पण त्यातून चित्रपटाविषयी काही कळत नाही.

दुसरे एक दृश्य मठाच्या आवारातील ख्रिस्ती जोगिणींचे आणि शाळकरी मुलांचे आहे. तिथे विघटनाने प्रकाश आणि छाया यांचा क्रम काही ठिकाणी उलटल्यासारखा झाला आहे, त्यामुळे काळ्या झग्यातील आकृती मधेच उजळतात आणि मुलांचे चेहरे काळवंडतात. एका ठिकाणी उंटांचा तांडा क्षितिजावरून छायाकृतीत जातो. या दृश्यात काहीच घडत नाही आणि म्हणूनच फितीचा पोत सर्वांत जास्त जाणवतो: डोळ्याला धरून ठेवायला कथा नसली की तो पृष्ठभागावर फिरू लागतो. फितीवर प्रक्रिया करणाऱ्या प्रयोगशाळेचे, रसायनाच्या टाक्यांत फिरणाऱ्या मोठ्या चक्रांचे दृश्यही आहे. चित्रपट जन्माला येण्याची ही प्रक्रिया, तीच फीत मरत असताना, दाखवली जाते. हा विनोद आहे, जरी काळा असला तरी, आणि गंभीर चेहऱ्याने केलेल्या चर्चेत तो हमखास निसटतो. गिरक्या घेणारा सूफी दरवेशी, फिरणारी चक्रे, जत्रेतले गोल फिरणारे पाळणे, असे फिरण्याचे चित्र पुन्हा पुन्हा येते. वर सांगितलेली वेढ्यांची लय ज्या माध्यमात मुरलेली आहे, त्या माध्यमात फिरणाऱ्या वस्तू निवडणे हा योगायोग मानता येत नाही.

वेळेचा निर्णय तंत्राच्या अंगाने साधा आहे. ऑप्टिकल प्रिंटर या यंत्रावर जुन्या फितीची एकेक चौकट पुन्हा छायाचित्रित करून नवी निगेटिव्ह तयार करता येते, आणि हे करताना प्रत्येक चौकट एकाहून अधिक वेळा छापली की गती मंदावते. मूकपट साधारण १६ ते २० चौकटींच्या वेगाने चित्रित होत. ते तसेच २४ चौकटींच्या वेगाने चालवले की माणसे दुडूदुडू धावू लागतात आणि प्रेक्षक हसतो. चौकटी वाढवल्याने हे हास्यास्पद होणे टळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डागाला आकार मिळतो. एका चौकटीवरचा डाग सेकंदाच्या चोविसाव्या भागात निघून गेला तर तो केवळ लुकलुकणे ठरतो. तोच डाग दोन-तीन पट वेळ टिकला तर डोळा त्याच्या कडा, त्यातील भेगा, जिलेटिन उकलल्याच्या शिरा पाहू शकतो. त्याच वेळी माणसाची हालचाल जडशीळ होते, पाण्यातून चालल्यासारखी. एकाच उपायाने दोन्ही गोष्टी साधल्या आहेत: माणूस दूर गेला आणि पृष्ठभाग जवळ आला. याहून जास्त मंद केले असते तर निव्वळ स्थिरचित्रांची मालिका झाली असती. याहून कमी केले असते तर खराब प्रत पाहत असल्याची भावना उरली असती. काही दृश्ये माझ्या मते या मर्यादेच्या पलीकडे रेंगाळतात, पण मुष्टियोद्ध्याच्या बाबतीत माप अचूक आहे.

सूर का ढळवला

या चित्रपटाला ध्वनी देण्याचे दोन सोपे मार्ग होते. पहिला, मूकपटांसोबत वाजणाऱ्या पियानोचा किंवा त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांचा. १९९१मध्ये डच दिग्दर्शक पीटर डेलपॉट यांनी झाँ डेस्मेट या वितरकाच्या संग्रहातील नायट्रेट फितींवरून केलेल्या 'लिरिकल नायट्रेट' या चित्रपटात जुन्या ऑपेरागीतांचा उपयोग आहे. तो चित्रपट सुंदर आहे. मात्र त्याचे सौंदर्य हुरहुरीचे आहे. गेलेला काळ किती नाजूक होता, असे तो म्हणतो, आणि संगीत ऐकताना प्रेक्षक त्या काळाकडे सुरक्षित अंतरावरून पाहतो. दुसरा मार्ग खरखरीचा: सुईचा खरखराट, फितीचा कडकडाट, लांबून येणारे पुसट आवाज. आज 'जुनेपण' दाखवायचे असले की संकलनाच्या संगणकावर ओरखड्यांचा एक थर आणि खरखरीचा एक ट्रॅक चढवला जातो, त्या सवयीचे मूळ इथेच आहे. अशी खरखर 'हे जुने आहे' एवढेच सांगते आणि थांबते. ती एक पाटी आहे. एकदा वाचली की तिचे काम संपते.

आणखी एक मार्ग होता आणि तो सर्वांत मोहात पाडणारा होता. मूव्हीटोन पद्धतीत ध्वनी फितीच्या कडेला छायाचित्रासारखाच, कमी-अधिक काळसर रेघांच्या रूपात नोंदला जाई. फीत कुजली की हा ध्वनिपट्टाही कुजतो. चित्राची नासाडी पाहत असताना ध्वनीचीही खरी नासाडी ऐकवावी, ही कल्पना तर्काला धरूनच ठरली असती. चित्रपटाने मूळ ध्वनीचा काहीही उपयोग केलेला नाही, आणि माझ्या मते ते योग्यच केले. चित्रातील डागात डोळा आकार शोधतो. ध्वनीतील डाग मात्र कानाला बहुधा केवळ गोंगाट म्हणून ऐकू येतो. नासाडीचे चित्र आणि नासाडीचा आवाज एकमेकांचे भाषांतर नसतात.

गॉर्डन यांनी केले ते असे: सुमारे ५५ वादकांच्या वाद्यवृंदाला त्यांनी मुद्दाम सुरावरून ढळवले. काही वाद्ये ठरलेल्या पट्टीपेक्षा किंचित चढी, काही किंचित उतरी अशी जुळवली, आणि तीच सुरावट त्यांच्याकडून एकत्र वाजवून घेतली. सुरुवातीला धातूवर धातू घासल्यासारखा ध्वनी येतो, मग तंतुवाद्ये घसरत वर-खाली जाऊ लागतात आणि त्यावर वाद्यवृंदाचे थर चढत जातात. तानपुरा जुळवताना दोन तारांत अगदी थोडा फरक राहिला की जी आंदोलने ऐकू येतात, तीच इथे पन्नासच्या वर वाद्यांतून एकदम येतात. त्यामागचा हिशेब सोपा आहे: ४४० हर्ट्झचा स्वर आणि त्याहून अष्टमांश स्वराने चढा, म्हणजे सुमारे ४४६ हर्ट्झचा स्वर, एकत्र वाजले तर आवाज सेकंदाला सहा-एक वेळा चढतो-उतरतो. खर्जात तोच फरक ठेवला तर ही आंदोलने कितीतरी संथ होतात. म्हणजे ध्वनीच्या पृष्ठभागावरही डागांसारखे फुगणे-आकसणे सुरू होते, आणि ते कोणी वाजवलेले नसते. दोन आवाज एकमेकांवर पडल्यामुळे ते आपोआप उमटते.

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा इथे आहे. चित्रातील पोत वेढ्यांच्या भूमितीतून आला आणि ध्वनीतील पोत स्वरांच्या फरकातून आला. दोन्ही ठिकाणी कलावंताने परिणाम थेट रंगवला नाही. परिणाम उमटेल अशी परिस्थिती तयार केली आणि ती चालू ठेवली. त्यामुळे संगीत चित्राचे वर्णन करत नाही, चित्राशी त्याचा ताल जुळेल याचीही धडपड करत नाही, आणि तरी दोघे एकाच जातीचे वाटतात. नासाडी ऐकवायची असेल तर खराब ध्वनिमुद्रण वापरू नये, चांगल्या ध्वनिमुद्रणात वाजवणाराच सुरावरून ढळलेला असावा, हे सूत्र मला इतर कोणत्याही प्रयोगपटात इतक्या ठामपणे अमलात आणलेले आढळलेले नाही.

यातून एक भावनिक परिणामही होतो. हुरहूर लागण्यासाठी श्रोत्याला आधार देणारा सूर लागतो. घरी परतल्यासारखा षड्ज लागतो. इथे तो मिळत नाही. सूर परतल्यासारखा वाटतो तोच सरकतो. परिणामी प्रेक्षक 'किती छान दिवस होते' असे म्हणू शकत नाही. त्या माणसांचे जाणे त्याला अस्वस्थ करते, क्वचित घाबरवतेही. स्मृतीवरच्या कलाकृतीत गोडवा सहज येतो आणि तो टाळण्यासाठी शिस्त लागते. गॉर्डन यांच्या रचनेत ती शिस्त आहे. तिची किंमतही मोजावी लागते. संगीत जवळजवळ कुठेच उसंत घेत नाही, मधल्या भागात त्याचा भार इतका वाढतो की नाजूक दृश्ये त्याखाली दबतात, आणि उंटांच्या तांड्यासारख्या ठिकाणी मला शांततेची फार उणीव भासते. अखंडता हाच या रचनेचा स्वभाव आहे, हे मान्य करूनही ही तक्रार राहते.

हरकती

चित्रपटाचा गौरव पुष्कळ झाला. २०१३मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतनासाठी निवडलेल्या चित्रपटांच्या यादीत, त्याचा समावेश झाला आणि तिथे जाणारा तो एकविसाव्या शतकातील पहिला चित्रपट ठरला. फीत वाचवण्यासाठी झटणाऱ्या संस्थेने फितीच्या मरणावरचा चित्रपट जतन करण्यासाठी निवडावा, यात विसंगती दिसते, पण ती वरवरची आहे. ज्या मूळ फितींवरून 'डिकेशिया' केला त्या तेव्हाही कुजत होत्या. निदान त्यांची एक अवस्था तरी नव्या, स्थिर फितीवर उतरली. नासाडीचे सौंदर्य दाखवल्यामुळे लोक जतनाविषयी बेफिकीर होतील, ही भीती मला निराधार वाटते. फीत अशीही मरते हे बहुतेकांना या चित्रपटामुळेच कळले.

खरी हरकत दुसरी आहे. चित्रपटात कोणत्याही दृश्याला नाव नाही, स्थळ नाही, साल नाही. दरवेशी, उंटांचा तांडा, मठातील मुले ही सगळी कोणीतरी, कोठेतरी, कोणत्यातरी हेतूने चित्रित केलेली माणसे होती, आणि वृत्तपटांचा त्या काळचा कॅमेरा दूरदेशच्या माणसांकडे बहुधा कुतूहलाची वस्तू म्हणून पाहत असे. नासाडीचा पडदा त्या नजरेवर पडला की ती नजर दिसेनाशी होते आणि उरते ते 'कालातीत' मानवी चित्र. हे सोयीचे आहे. ज्यांची ओळख आधीच पुसली गेली होती त्यांना सर्वसामान्य मानवजातीचे प्रतिनिधी बनवणे, हे स्मृतीचे काम नव्हे. पोत आणि ध्वनी यांच्या बळावर चित्रपट जेवढा मिळवतो त्यातील काही भाग तो या माणसांच्या खात्यातून उचलतो, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

मॉरिसन यांच्याच पुढच्या कामात याचे एक उत्तर दिसते. १९७८मध्ये कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील डॉसन सिटी येथे जमिनीखाली नायट्रेट फितीची ५३३ रिळे सापडली. सोन्याच्या शोधात वसलेले हे गाव वितरणाच्या साखळीचे शेवटचे टोक होते. चित्रपट तिथे काही वर्षे उशिरा पोहोचत आणि परत पाठवण्याचा खर्च निर्मात्यांना नको असे. साठलेली रिळे १९२९मध्ये एका बुजवायच्या जलतरण तलावात भराव म्हणून टाकली गेली आणि गोठलेल्या मातीने त्यांतील बरीचशी राखली. या घटनेवरील मॉरिसन यांच्या 'डॉसन सिटी: फ्रोझन टाइम' या २०१६च्या चित्रपटात पाण्याने खाल्लेल्या कडांचा पांढरा थरथराट तर आहेच, पण जवळपास प्रत्येक तुकड्यावर मूळ चित्रपटाचे नाव आणि साल लिहिलेले आहे. ॲलेक्स सोमर्स यांचे संगीतही हळुवार, पसरट आणि बरेचसे संयत आहे. तिथे पोत पुरावा म्हणून येतो: हा डाग या गावाच्या या मातीने पाडला आहे. 'डिकेशिया'त पोत अनुभव म्हणून येतो. दुसरा चित्रपट अधिक प्रामाणिक आहे असे मी म्हणेन. अधिक खोल जाणारा आहे असे म्हणणार नाही. नावे वाचताना मेंदू काम करू लागतो आणि डोळ्याचे पृष्ठभागावर फिरणे थांबते. दोन्ही एकाच वेळी साधणारा चित्रपट अजून माझ्या पाहण्यात नाही.

पाहण्याच्या अटी

शेवटी एक व्यावहारिक भाग, जो अभ्यासकांनी आणि विशेषतः शिकवणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यावा. 'डिकेशिया' बहुतेक विद्यार्थी संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर, दबवलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) डिजिटल स्वरूपात पाहतात. व्हिडिओ दबवण्याच्या पद्धतीचे गृहीतक असे असते की लगतच्या दोन चौकटी बऱ्याच अंशी सारख्या असतात. जे बदलले तेवढेच साठवायचे आणि बाकीचे आधीच्या चौकटीवरून घ्यायचे. कुजलेल्या फितीत हे गृहीतकच कोसळते. प्रत्येक नव्या चौकटीत डाग वेगळा, भेगा वेगळ्या, फितीचा दाणा (बारीक कणांचा पोत) वेगळा. साठवणुकीची मर्यादा ओलांडू नये म्हणून यंत्रणा बारीक तपशील गाळते, आणि जिलेटिनाच्या शिरांच्या जागी चौकोनी ठोकळे दिसू लागतात. ज्या पोतासाठी चित्रपट केला, नेमका तोच यंत्रणेला निरुपयोगी गोंगाट वाटतो. ध्वनीचेही तसेच: खर्जातील संथ आंदोलने लहान स्पीकरमधून ऐकूच येत नाहीत, वरचे कर्कश सूर तेवढे उरतात, आणि मग संगीत विनाकारण त्रासदायक आहे असा शेरा मिळतो.

म्हणून या चित्रपटावर वर्गात चर्चा करायची असेल तर शक्यतो ३५ मिलिमीटर प्रत, ती नसेल तर कमीत कमी दबवलेली डिस्क, पुरेसा अंधार आणि खर्ज पेलणारे स्पीकर एवढे तरी जमवावे, आणि हे जमत नसेल तर ६७ मिनिटे पूर्ण दाखवण्याचा हट्ट सोडून मुष्टियोद्ध्याचे दृश्य एकदा आवाजासह आणि एकदा आवाजाविना दाखवावे. आवाजाविना पाहताना विद्यार्थी डागाचे आकार मोजू लागतात. आवाजासह पाहताना ते चेंडूची वाट पाहू लागतात.